झेंडूनं झाकलेली विहीर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा लावलेल्या चिंचांचे आता बुंधेसुद्धा उरलेले नाहीत. एका राणीच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव तसं चांगलं होतं. माणसं कष्टाळू होती, आज भांडली तरी उद्या बोलायची. पण त्या गावाला एक खोड होती, आणि ही गोष्ट त्या खोडीचीच आहे.

खोड अशी, की आलेल्या पाहुण्याला आपलं उणं म्हणून दिसू द्यायचं नाही. भिंतीला भगदाड असलं तर त्यावर घोंगडी टांगायची. चुलीवर कण्या शिजत असल्या तरी पाहुण्याच्या पानात भात पडला पाहिजे, मग तो शेजारून उसना आणलेला का असेना. आणि पाहुण्याकडे काही मागायचं? शिव शिव. उलट पाहुणा रिकाम्या हातानं आला तरी जाताना त्याची झोळी भरलेली हवी.

आता पाहुणचार वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. मलाही आवडतो. पण ही माणसं वैद्याला बोलावून आणायची आणि तो दारात आला की अंथरूण गुंडाळून, केस विंचरून, ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं त्यालाच विचारायची. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्या गावात एक मळा होता. कुणा एकाचा नव्हे, सगळ्या गावाचा. ज्यांना स्वतःची जमीन नाही, त्यांच्यासाठी कुणा शहाण्या पूर्वजानं तो राखून ठेवला होता. अशा प्रत्येक घराला एक वाफा. त्यात पिकेल ते त्या घराचं. फक्त पहिला तोडा गावातल्या बाळंतिणीला आणि आजाऱ्याला द्यायचा, एवढाच नियम होता.

मळ्याच्या मधोमध विहीर होती. तिच्या तीन बाजू दगडी होत्या, चौथी नुसत्या मातीची. पूर्वजाचे दगड संपले की दिवस संपले, कोण जाणे. वर्षानुवर्षं ती मातीची बाजू तग धरून होती. गेल्या पावसाळ्यात मात्र ती ढासळली आणि खालचे झरे बुजले. लोक गाळ काढायला उतरले, तर जेवढा गाळ वर येई तेवढीच माती पुन्हा खाली पडे. शेवटी त्यांनी हात टेकले.

त्या विहिरीत एक म्हातारं कासव राहत असे. पाणी भरपूर असताना ते कुणाला दिसत नसे. कुणी म्हणे आहे, कुणी म्हणे मेलं असेल. त्या हिवाळ्यात त्याची पाठ भर दुपारी उघडी दिसू लागली, आणि बायका पोहरा टाकण्याआधी कासवाकडे बघून गप्प होऊ लागल्या.

मळ्यात, पाटाच्या अगदी शेवटी, तानूबाईचा वाफा होता. तानूबाई विधवा. घरात ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच. वांगी, मेथी, घेवडा, चार मिरच्या, एवढ्यावर दोघींचं चालायचं. पाटाच्या शेवटी वाफा असला की पाणी कमी झाल्याचं सगळ्यांत आधी आपल्याला कळतं. तानूबाईच्या वाफ्याला महिनाभर पाण्याचा थेंब पोचला नव्हता. घेवडा वाळला होता, मेथी उगवलीच नव्हती.

तिच्या भावानं निरोप पाठवला होता, ‘चैत्रात गाडी पाठवतो, दोघी इकडे या. कोपऱ्यात पडून राहा.’ भाऊ वाईट नव्हता, पण ‘कोपऱ्यात’ हा शब्द तानूबाईला लागला. त्याहून मोठी काळजी सासूची होती. म्हातारीला हे गाव हातानं पाठ होतं. दारापासून कुंपणाची काठी न् काठी चाचपत ती एकटी मळ्यात यायची, वाफ्याच्या कडेला बसून घेवड्याच्या शेंगा सोलायची. परक्या गावात तिला खाटेवरून उठायचीही भीती वाटली असती. मळा राहिला तर घर राहील, इतकं सरळ गणित होतं.

अशात राजधानीहून दवंडी आली. ‘ऐका हो ऐका. ज्या गावाचा सामाईक मळा, सामाईक विहीर मोडकळीला आली असेल, त्यानं राणीसाहेबांकडे अर्ज करावा. पाहणीदार येतील, डोळ्यांनी बघतील, गरज दिसली तर दुरुस्तीला मदत मिळेल. मात्र खोटं दाखवणाऱ्या गावाला पुढची बारा वर्षं काही मिळणार नाही हो.’

गावाला हायसं वाटलं. ही चौथी बाजू बांधायची तर चुना हवा, विहिरीत उतरून काम करणारे कसबी गवंडी हवेत, आणि ते गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. लगेच अर्ज लिहायला बसले. गावचे पाटील बहिर्जी, मोठा सरळ माणूस, पण त्या खोडीत सगळ्यांच्या पुढे. त्यांनी अर्ज सांगितला तो असा: ‘राणीसाहेबांच्या कृपेनं आमचं सर्व उत्तम आहे. कशाची वाण नाही. सवड झाल्यास आमच्या विहिरीकडे एक नजर टाकावी, नाही टाकली तरी राग नाही.’

दरबारात हा अर्ज तीनदा वाचला म्हणे. यांना काय हवंय, कुणालाच कळेना. शेवटी राणीसाहेब म्हणाल्या, ‘विसाजीपंतांना पाठवा. ते दिसेल ते लिहितात.’

विसाजीपंत म्हणजे विहिरी-मळ्यांचे पाहणीदार. आठ दिवसांनी येतो असा त्यांचा निरोप आला, आणि गावात एकच धांदल उडाली. पाहुणा येणार, तोही राणीचा. पाटलांनी चावडीवर सगळ्यांना गोळा केलं.

‘मळा हिरवागार दिसला पाहिजे,’ ते म्हणाले. ‘विहिरीत पाणी नसेल तर नदीवरून आणू. मातीची बाजू तेवढी झाकून घ्या. झेंडू कुणाकडे आहे?’

तानूबाई मागे उभी होती. ती म्हणाली, ‘पाटीलमामा, पंत येणार आहेत ते विहीर पडलीय म्हणूनच ना?’

‘हो.’

‘मग ती झाकली तर ते बघणार काय?’

‘अगं, विहीर पडलीय म्हणून काय पडकी विहीर दाखवायची? पाहुणा काय म्हणेल? त्यांना आपोआप कळेल. मोठी माणसं असतात ती.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. तानूबाईनंही शेवटी मान डोलावली. इतक्या जणांपुढे एकटीनं वेगळं बोलायचं तर छाती लागते, आणि त्या दिवशी तिची झाली नाही.

पुढचे आठ दिवस त्या गावानं जे केलं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. नदी एक कोसावर होती. बाया, बापे, म्हातारे, सगळे खांद्यावर कावडी घेऊन नदीवर जात आणि वाफे भिजवत. घरचं काम बाजूला पडलं. खांदे सोलून निघाले. पण मळा हिरवा झाला, यात शंका नाही. विहिरीच्या पडक्या बाजूवर बांबूचे तट्टे रोवले आणि त्यावर झेंडूच्या माळा अशा लावल्या की खाली माती आहे की सोनं, काही कळू नये. तानूबाईचा वाफा मात्र आठ दिवसांत हिरवा होण्यापलीकडे गेला होता. म्हणून पाटलीणबाईंनी आपल्या परड्यातले सात दुधी भोपळे आणून त्यात मांडले. वेल नाही, पान नाही, नुसते भोपळे. वर थोडा पाला पसरला.

तानूबाईची सासू कुंपण चाचपत आली. तिला फुलांचा वास आला.

‘लग्न कुणाचं आहे गं?’ तिनं विचारलं.

‘कुणाचं नाही, आत्याबाई. विहीर सजवलीय.’

‘विहिरीला कशाला सजवायचं? तिला तहान लागलीय,’ म्हातारी म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

ठरल्या दिवशी सकाळी विसाजीपंत बैलगाडीतून आले. बारीक, उन्हानं रापलेला माणूस. बोलणं मोजकं. ओवाळणं झालं, गूळपाणी झालं, पुरणपोळीचं जेवण झालं. मग पाटील त्यांना मळ्यात घेऊन गेले. पंतांनी वाफे पाहिले. टपोरी वांगी पाहिली. झेंडूनं नटलेली विहीर लांबूनच पाहिली, कारण पाटलांनी त्यांना जवळ जाऊच दिलं नाही. ‘ऊन फार आहे, पंत, इकडे सावलीत या.’ तानूबाईच्या वाफ्यापाशी ते क्षणभर थबकले, भोपळ्यांकडे बघितलं, आणि काही न बोलता पुढे गेले.

फेरी संपली. पंतांनी दौत-लेखणी काढली.

‘पाटील, तुमच्या गावाचं कौतुक वाटलं,’ ते म्हणाले. ‘मी वीस वर्षं गावं बघतोय, असा मळा कुठे पाहिला नाही. अर्जात लिहिलं होतं तसंच आहे, कशाची वाण नाही. या मळ्याला मदतीची गरज नाही, असं लिहितो. पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाला देऊ.’

गाव जागच्या जागी थिजलं. सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांचा चेहरा उतरला, ओठ हलले, आणि त्यातून काय बाहेर पडावं? ‘आपली कृपा,’ असं म्हणून त्यांनी हात जोडले. इतकंच नाही, जाताना पाहुणा रिकामा जाऊ नये म्हणून आठ दिवस जीव तोडून जगवलेल्या मळ्यातली वांगी टोपली भरून पंतांच्या गाडीत ठेवायला लावली. सवय अशी असते बघा. माणूस बुडताना काठावरच्याला रामराम करतो.

पंत गाडीकडे निघाले, मग वळले. ‘निघण्याआधी एक तांब्या पाणी द्या. या विहिरीचं द्या. जिनं एवढा मळा पोसला तिचं पाणी पिऊन जातो.’

पाणी द्यायचं काम तानूबाईकडे होतं. झाडामागे नदीच्या पाण्यानं भरलेला रांजण तयार होता. पाटलांनी डोळ्यांनी तिला रांजण दाखवला.

तानूबाई तांब्या घेऊन उभी राहिली. उजवीकडे रांजण, डावीकडे विहीर. तिला गावाची लाज वाटत होती आणि गावाची कीवही येत होती. पंत एकदा गेले की पुन्हा कधी येणार कोण जाणे. तोवर तिचा वाफा नाही, तिचं घर नाही. कुंपणाला टेकून सासू बसली होती, काठीवर हात ठेवून, जणू ती काठी सुटली तर आपण हरवू.

‘तानू, दे गं पाणी,’ सासू म्हणाली. ‘पाहुणा तहानलाय.’

तानूबाई विहिरीकडे वळली.

झेंडूच्या माळा बाजूला सारून तिनं पोहरा आत सोडला. दोर जात राहिला. गेला, गेला, संपता संपेना. पंत दोराकडे बघत होते. शेवटी खालून आवाज आला, पण पाण्याचा नव्हता, चिखलात काही आपटल्याचा होता. तिनं पोहरा ओढला, त्यातलं तांब्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी पंतांपुढे धरलं. आत गढूळ लाल पाणी होतं, निम्मी माती.

‘हे आमच्या विहिरीचं पाणी, पंत,’ ती म्हणाली. ‘पिऊ नका. नुसतं बघा.’

पंतांनी तांब्या हातात घेतला, विहिरीपाशी गेले आणि एकेक माळ काढून खाली ठेवली. तट्टा बाजूला केला. ढासळलेली माती, बुजलेला तळ, आणि मधे उघड्या पाठीचं कासव, सगळं दिसलं.

पंतांचा चेहरा कडक झाला. ‘दवंडी ऐकली होती ना? खोटं दाखवणाऱ्या गावाला बारा वर्षं मदत नाही.’

पाटील मटकन खाली बसले. आपण गावाचं बारा वर्षांचं वाटोळं केलं, असंच तानूबाईला वाटलं. पण एकदा तोंड उघडलं होतं, आता मिटून काय उपयोग.

‘पंत, एक विचारू?’ ती म्हणाली. ‘तो नियम कुणासाठी केला?’

‘नसलेलं उणं दाखवून राणीसाहेबांकडून लुबाडणाऱ्यांसाठी. एका गावानं तर मी येणार म्हणून स्वतःच्याच मळ्यात शेळ्या सोडल्या होत्या.’

‘आम्ही लुबाडायला नाही झाकलं. आमचं खरंच उणं आहे आणि आम्हाला त्याची लाज वाटली. असलेलं उणं लपवणाऱ्यांसाठी नियमात काय आहे?’

पंतांनी तांब्यातलं पाणी हलवून पाहिलं आणि म्हणाले, ‘काही नाही. असे लोक भेटतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.’ मग त्यांनी विचारलं, ‘विहिरीत पाणी नाही, मग मळा हिरवा कसा?’

तानूबाईनं आपल्या खांद्यावरचा पदर जरासा सारला. कावडीच्या दांडीनं सोललेली कातडी दिसली. तिच्या शेजारच्या माणसानं उपरणं काढलं. मग पलीकडच्यानं. शेवटी बहिर्जी पाटलांनी उठून बाराबंदीची गाठ सोडली आणि खांदा दाखवला. त्यांचा सगळ्यांत जास्त सोलला होता.

विसाजीपंत हसले. आल्यापासून पहिल्यांदाच हसले. ‘अहो पाटील,’ ते म्हणाले, ‘तुम्ही ताकाला आलात आणि भांडं लपवलंत. लपवलंत ते लपवलंत, वर मलाच वांगी द्यायला निघालात.’

आधी कुणी तरी खुसकन हसलं, मग सगळा मळा हसला. हसता हसता कितीतरी जणांचे डोळे भरून आले. आठ दिवस, आठ दिवस कसले, पिढ्यान्‌पिढ्या झाकत आलेलं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटत होतं. लोक ऐसपैस बसले. कुणी सोललेल्या खांद्याला लावायला हळद-तेल मागितलं, मोठ्यानं, पाहुण्यादेखत. पाटलीणबाईंनी पंतांसमोर आपले सात भोपळे उचलले, तर पंत म्हणाले, ‘ते मला मघाच कळलं होतं, बाई. वेलाशिवाय भोपळा मी अजून पाहिला नाही. पण बाकी सगळा मळा पिकलेला दिसला, मग वाटलं, एका वाफ्याचं कशाला काढा.’

मग पंतांनी आधीचा कागद फाडला आणि दुसरा लिहिला. तो त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवला. ‘गाव खोटारडं नाही, लाजाळू आहे. विहिरीची चौथी बाजू पडली आहे. चुना आणि गवंडी दरबारातून द्यावेत. दगड गाव वाहील. जे लोक पाहुण्याच्या डोळ्यांना गार वाटावं म्हणून आठ दिवस कोसभर पाणी वाहतात, ते स्वतःसाठी दगड नक्की वाहतील.’

पंधरा दिवसांत चुन्याच्या गाड्या आल्या. गवंडी आले. गावानं डोंगरातून दगड आणले, पण आता तक्रार करत आणले, बरं का. ‘पाय दुखतो, जरा हात लाव,’ असं एकमेकांना मोकळेपणानं म्हणत आणले. बहिर्जी पाटलांचा गुडघा सहा वर्षं दुखत होता, ते त्या दिवसांत गावाला पहिल्यांदा कळलं. पाटलीणबाईंनाही तेव्हाच कळलं.

चौथी बाजू उभी राहिली, गाळ उपसला, झरे मोकळे झाले. फाल्गुन संपायच्या आत पाणी चढू लागलं आणि एके दुपारी पाटातून वाहत वाहत शेवटच्या वाफ्यात शिरलं. तानूबाई वाफ्याच्या कडेला बसली होती. पाणी पायाला लागलं तसा तिनं सासूचा हात धरून पाण्यात ठेवला. म्हातारीनं ओंजळ भरून तोंडाला लावली.

‘पोचलं गं,’ ती म्हणाली, आणि दोघी पोटभर रडल्या.

चैत्रात भावाची गाडी आली. तानूबाईनं गाडीवानाला जेवू घातलं आणि भावाला निरोप दिला, ‘आम्ही येत नाही. तूच ये, वांगी खायला.’ जाता जाता तिनं आणखी एक निरोप जोडला. घेवड्याचं बी संपलंय, असेल तर मूठभर पाठव. असं मागणं त्या गावातून पहिल्यांदाच बाहेर गेलं. भावानं मूठभर नाही, पोतंभर पाठवलं.

कासव त्यानंतर कुणाला दिसलं नाही. ते दिसत नाही याचाच गावाला आनंद होता. आणि कुणी पाहुणा आला, की त्याला जेवायला पूर्वीसारखाच भात वाढत, पण मळ्यात नेलं की ‘आधी काय मोडलंय ते दाखवतो’ असं म्हणत.

तेव्हा लहानथोरहो, एवढं लक्षात ठेवा: ताकाला गेलात तर भांडं पुढे करा, झाकलेल्या भांड्यात देणाराही ताक ओतू शकत नाही.